शिवणशंका : कच्ची टीप, चेन आणि दोरीची पायपिंग

या वेळच्या पत्रांत बहुतेक शंका कच्ची टीप, चेन आणि पायपिंग (आत दोरी घालून कडेला लावायचा कापडी गोट) या तीन कामांच्या आहेत. चेनला आणि पायपिंगला एकच एकबाजूचा फूट (मशीनचा कापड दाबून धरणारा, पण सुईच्या एकाच बाजूला असलेला भाग) लागतो आणि दोन्हींत पक्क्या टिपेआधी एक कामचलाऊ टीप, म्हणजेच कच्ची टीप, घालावी लागते, म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत. मापं घरगुती मशीन गृहीत धरून दिली आहेत.

प्रश्न : कच्ची टीप मशीनवर घालायची तर टाका किती लांब ठेवायचा? आमच्या मशीनवर ४ च्या पुढे आकडाच नाही. ४ वर घातली तरी उसवताना दोरा तुकड्या-तुकड्यांत तुटतो.

उत्तर : ४ मिमीचा टाका पुरेसा आहे. अडचण लांबीची नाही, ताणाची आहे. वरच्या दोऱ्याचं टेन्शन नेहमी ४ वर असेल तर कच्च्या टिपेसाठी ते २ वर आणा. वरचा दोरा सैल झाला की खालचा, म्हणजे बॉबिनचा, दोरा कापडाखाली सुतळीसारखा सरळ पडून राहतो आणि वरचा त्याच्याभोवती नुसते वळसे घेतो. उसवताना वरचा दोरा दर ८-१० सेंमीवर कापायचा आणि कापड उलटून खालचा दोरा ओढायचा. तो अख्खा निघून येतो. टेन्शन दोन्हीकडे सारखं घट्ट असलं की दोरे एकमेकांत अडकतात आणि तुमचा होतो तसा दोऱ्याचा भुगा होतो.

सुरुवातीला आणि शेवटी रिव्हर्स (उलट टाके) मारायचं नाही. दोऱ्याची ५-६ सेंमीची शेपटी सोडा, म्हणजे ओढायला धरता येते. दोऱ्याचा रंग कापडापेक्षा वेगळा हवा, पण पांढऱ्या कापडावर गडद लाल किंवा काळा नको, कारण त्याचे तंतू टाक्याच्या भोकांत अडकून राहतात. फिकट निळा किंवा पिवळा चालतो. मजबूत पॉलिएस्टर दोऱ्यापेक्षा साधा सुती दोरा बरा. जोरात ओढल्यावर कापड फाटण्याऐवजी दोरा तुटलेला परवडतो.

कच्ची टीप पक्क्या टिपेच्या रेषेवर घालू नका. मायेच्या, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या जादा कापडाच्या, बाजूला १-२ मिमी सरकवून घाला. दोन्ही एकाच रेषेवर आल्या तर पक्क्या टिपेची सुई कच्च्या दोऱ्यालाच भोसकते आणि मग तो कशानेही निघत नाही. मधोमध बसवायची चेन हा याला अपवाद. त्याबद्दल पुढे आहे.

जुन्या मशीनवर एक घोटाळा होतो. काही मशीनवरचे आकडे मिमीमध्ये नसून ‘एका इंचात किती टाके’ या हिशोबाचे असतात. तिथे ६ हा सर्वांत लांब टाका (साधारण ४ मिमी), १० म्हणजे २.५ मिमी आणि २० म्हणजे अगदी बारीक. आकडा वाढवला तर टाका लांब होतो की आखूड, हे चिंधीवर एकदा पाहून घ्या. आणि काम झालं की टेन्शन परत जागेवर आणा. कच्च्या टिपेनंतरची पहिली पक्की शिवण सैल पडते ती बहुतेक वेळा याच विसरभोळेपणामुळे.

प्रश्न : मखमलीवर कच्ची टीप घालूनही वरचा थर सरकतो. शिवण संपते तिथे वरचं कापड सेंटिमीटरभर जास्त उरतं.

उत्तर : मशीनचे दाते फक्त खालच्या थराला ओढतात. वरच्या थराला फूट मागे रेटत असतो. साध्या सुती कापडात दोन थर एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून हे जाणवत नाही. मखमलीत दोन्ही थरांची लव समोरासमोर येते आणि थर एकमेकांवर घसरतात. कच्ची टीपही मशीनवरच घातलीत तर तीही त्याच सरकण्यातून जाते. म्हणजे चूक दुरुस्त न होता आधीच पक्की होते.

इथे हातानेच धावदोरा घाला, आणि एक नाही, दोन ओळी : एक शिवणीच्या रेषेच्या मायेकडच्या बाजूला, दुसरी आतल्या बाजूला, मध्ये ६-७ मिमी अंतर. त्या दोन ओळींच्या मधून पक्की टीप न्यायची. लव ज्या दिशेला पडते त्याच दिशेने शिवा. फूटच्या दांड्यावरचा स्क्रू थोडा सैल करून दाब कमी करा. दर १० सेंमीवर सुई कापडात ठेवून फूट उचला आणि खाली सोडा. वरच्या थरात साठलेला फुगा तेवढ्यात मोकळा होतो. आतली ओळ कापडाच्या अंगावर येते, म्हणून तिला बारीक सुई आणि रेशमी दोरा वापरा आणि काम झाल्या झाल्या काढा. तिच्यावरून इस्त्री फिरवलीत तर दोऱ्याचा वण लवेत उमटून राहील.

प्रश्न : रेक्झिनच्या पिशवीला कच्ची टीप घालावी का?

उत्तर : नाही. सुईचं भोक तिथे कायमचं राहतं. टाचण्याही नकोत. कपड्यांचे छोटे चिमटे लावा, किंवा मायेत ६ मिमीची दोन्हीकडून चिकटणारी पट्टी वापरा. ही पट्टी सुईच्या वाटेत येऊ देऊ नका. डिंक सुईला लागला की टाके सुटतात.

प्रश्न : स्कर्टच्या मागे मधोमध चेन लावली. शिवताना छान बसली होती, एका धुण्यानंतर मात्र लाटांसारखी वरखाली झाली. असं का झालं? मुळात ती लावायची नीट पद्धत कोणती?

उत्तर : आधी नीट बघा, लाटा कशात आहेत. चेन वाकडीतिकडी होऊन बाहेर फुगते आहे आणि कापड तिच्याभोवती ताणलेलं आहे, तर कापड आटलं आहे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, चेनची पॉलिएस्टर पट्टी आटत नाही. याउलट चेन सरळ आहे आणि दोन्ही बाजूंचं कापड चुणल्यासारखं दिसतं, तर शिवताना कापड ताणलं गेलं. उरेब (धाग्याला तिरकं) कापलेल्या किंवा होजियरीच्या कापडात हे हमखास होतं. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारचं आहे. चेन उसवा, कापडाला वाफेची इस्त्री करा आणि तीच चेन पुन्हा बसवा. आता ती काही मिलिमीटर जास्त भरेल. जास्तीचा भाग तोंडाच्या खालच्या टोकाला जाऊ द्या. पुढच्या वेळी कापड कापण्याआधी भिजवून वाळवून घ्या. ताणणाऱ्या कापडासाठी २.५ सेंमी रुंदीची फ्युजिंगची पट्टी चेनच्या जागी दोन्ही बाजूंच्या मायेला आतून इस्त्रीने चिकटवा आणि मगच चेनला हात लावा.

आता पद्धत. शिवणीला २ सेंमी माया ठेवा. १.५ सेंमीत काम होतं, पण बाजूची टीप मायेच्या कडेवर येऊन आतून कड निसटण्याची भीती असते. चेन जिथे संपणार तिथपर्यंत खालून २.५ मिमीच्या टाक्याने पक्की शिवण घालून रिव्हर्स मारा. तिथून वर टाका ४ मिमी करून त्याच रेषेवर कच्ची टीप घाला. इथे ती अगदी रेषेवरच हवी, कारण पुढे हीच रेष चेनचं तोंड होणार आहे. माया दोन्हीकडे फाकवून इस्त्री करा.

कापड उलटं ठेवून चेन पालथी घाला. दात बरोबर शिवणीच्या रेषेवर आणि वरचा अडसर कमरेच्या शिवणीपासून ५ मिमी खाली येऊ द्या. चेनच्या पट्ट्या हाताने मोठ्या टाक्यांनी पक्क्या करा. नुसत्या टाचण्यांवर भरवसा ठेवलात तर शेवटची टीप एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला ८ मिमीवर पडलेली दिसेल.

फूट बदला. एकबाजूचा फूट लावल्यावर मशीन चालवण्याआधी हातचाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा आणि सुई फूटच्या खाचेतून मोकळी उतरते का बघा. झिगझॅगच्या मशीनवर सुई डावी-उजवी सरकते. फक्त सरळ टाका मारणाऱ्या मशीनवर सुई मध्येच स्थिर असते, तिथे मागचा स्क्रू सैल करून फूटच सरकवावा लागतो. हे न बघता पाय दिला की सुई फूटच्या लोखंडावर आपटून मोडते.

सुलट बाजूने, चेनच्या तळाशी शिवणीच्या मध्यावर सुई उतरवा. ६ मिमी आडवं जा, सुई आत ठेवून फूट उचला, कापड फिरवा आणि वरपर्यंत टीप न्या. दोरे कापा. दुसरी बाजूही पुन्हा तळाच्या मध्यापासूनच सुरू करून वर न्या. एक बाजू खालून वर आणि दुसरी वरून खाली शिवली तर फूट कापडाला दोन उलट दिशांना रेटतो आणि चेनचं तोंड पिळल्यासारखं दिसतं. ६ मिमीची रेष सरळ यावी म्हणून शिवणीच्या मध्यावर १२ मिमी रुंद कागदी चिकटपट्टी लावा आणि तिच्या दोन्ही कडांना लागून टीप न्या. शेवटी कच्ची टीप काढायची.

प्रश्न : चेनच्या रनरजवळ (सरकत्या कडीजवळ) आलं की टीप बाहेर वळते. सुंदर सरळ ओळीत तिथेच एक पोट येतं.

उत्तर : फूट रनरवर चढतो म्हणून. रनरच्या ५ सेंमी आधी थांबा, सुई कापडात रुतवा, फूट उचला आणि रनर सुईच्या मागे ओढून घ्या. मग फूट टाकून पुढे जा. चेनच्या तोंडावर कच्ची टीप असेल तर तेवढा भाग आधी उसवावा लागेल. याहून सोपा उपाय म्हणजे चेन ३-४ सेंमी लांब घेणे. रनर कापडाच्या वर बाहेर ठेवून दोन्ही बाजू शिवा, कच्ची टीप काढून रनर खाली आणा आणि त्यानंतरच वरचा जादा भाग कापा. रनर वर असताना कापलं तर तो हातात येईल. वरची टोकं कमरपट्ट्याच्या शिवणीत पकडली जाईपर्यंत रनर खालीच राहू द्या.

प्रश्न : लांब चेन खालून आखूड करता येते का?

उत्तर : नायलॉनची येते. हव्या त्या जागी झिगझॅगचा टाका ४-५ मिमी रुंद आणि लांबी ० ठेवून दातांवर आठ-दहा टाके मारा. पहिला टाका हातचाकाने मारून सुई दातांच्या दोन्ही बाजूंना उतरते याची खात्री करा. खाली २ सेंमी सोडून कापा. झिगझॅग नसेल तर हाताने दुहेरी दोऱ्याचे तितकेच टाके घाला, तेवढेच टिकतात. धातूच्या चेनला हे चालणार नाही. तिचे दात पकडीने एकेक काढावे लागतात. मशीनची सुई धातूच्या दातांवर कधीही नेऊ नका.

प्रश्न : न दिसणारी चेन लावली तरी तिची पट्टी दिसतेच. शिवाय तळाशी एक फुगवटा राहतो.

उत्तर : ही चेन लावण्याचा क्रम साध्या चेनच्या उलटा आहे. आधी चेन आणि मग खालची शिवण. शिवण आधी घातली असेल तर उसवून सुरुवात करा.

या चेनचे दात मागच्या बाजूला गुंडाळलेले असतात. चेन उघडून उलट बाजूने मंद इस्त्रीने ते दात सपाट करून घ्या. इस्त्री जास्त तापली तर दात वितळतील. कापडाच्या सुलट बाजूवर शिवणीची रेष खडूने आखा. उघडलेली चेन सुलट बाजू खाली करून ठेवा, दात खडूच्या रेषेवर आणि पट्टीची कड मायेकडे. फूट दातांना अगदी टेकवून वरून खाली शिवत जा. टीप आणि दात यांत १ मिमीहून जास्त अंतर राहिलं तर पट्टी बाहेर दिसते. तुमच्याकडे हेच झालं असावं. पण सुई दातांतच घुसली तर रनर तिथे अडकून बसेल. रनरला फूट टेकला की थांबून रिव्हर्स मारा. फूट रनरच्या पुढे जात नाही, म्हणूनच ही चेन तोंडाच्या मापापेक्षा निदान ३-४ सेंमी लांब घ्यायची. दुसरी बाजू लावण्याआधी चेन बंद करून कमरेची रेष जुळते का बघा आणि दुसऱ्या बाजूवर खडूने खूण करा. पट्टी पिळ घालून शिवली गेलीय, हेही याच वेळी लक्षात येतं.

फुगवटा येतो तो चेनची टीप आणि खालची शिवण एकमेकींना न भेटल्यामुळे. चेन बंद करा, तिचं शेपूट मायेच्या बाहेर ओढून धरा. एकबाजूच्या फूटने, चेनची टीप संपली तिथून ५ मिमी वर आणि मायेकडे १ मिमी सरकून सुई उतरवा. तिथून खाली ४-५ सेंमीत हळूहळू खऱ्या रेषेवर या. साध्या फूटने हे जमत नाही, तो चेनच्या जाडीवर चढतो.

प्रश्न : कुशनला दोरीची पायपिंग करायची आहे. पट्टी किती रुंद, किती लांब, आणि उरेबच का कापायची?

उत्तर : पट्टीची रुंदी म्हणजे दोरीचा घेर अधिक दोन्हीकडची माया. घेर हा जाडीच्या तिपटीहून थोडा जास्त असतो. ४ मिमीच्या दोरीचा घेर साधारण १३ मिमी, त्यात १५ मिमीच्या दोन माया मिळवल्या की ४३ मिमी, म्हणून ४.५ सेंमीची पट्टी कापा. ३ मिमीच्या दोरीला ४ सेंमी, ६ मिमीच्या दोरीला ५ सेंमी. माया कुशनला जितकी ठेवली आहे तितकीच पट्टीला ठेवा. मग कड कडेला लावली की दोरी आपोआप शिवणीच्या रेषेवर येते, वेगळं आखावं लागत नाही.

४० सेंमी चौरस कुशनचा परीघ १६० सेंमी. सांध्यासाठी १० सेंमी धरून १७० सेंमी लागेल. ३५ सेंमी चौरस कापडातून ४.५ सेंमीच्या पट्ट्या ४५ अंशांत कापल्या तर इतकं सहज निघतं. पट्ट्या जोडताना दोन टोकं काटकोनात, सुलट बाजू समोरासमोर ठेवून तिरपी टीप मारा, टाका २ मिमी. असा तिरका जोड दोरीभोवती फिरत जातो. सरळ जोड एकाच जागी गाठीसारखा बसतो.

उरेब पट्टी वळणावर ताणते आणि आकसते, सरळ पट्टी तिथे मुडपते. चारही कडा सरळ असलेल्या कुशनला उभ्या धाग्यावर कापलेली पट्टी चालून जाते आणि कापडही वाचतं, पण कोपऱ्यात ती भांडते. गोल कुशनला किंवा गळ्याला तर उरेबच हवी.

सुती दोरी आधी गरम पाण्यात भिजवून वाळवा. कापड धुऊन घेतलं आणि दोरी तशीच वापरली, तर पहिल्या धुण्यात आतली दोरी आटते आणि अभ्र्याच्या चारही कडा चुणतात. ते नंतर कशाने सुधारत नाही.

प्रश्न : पायपिंग लावल्यावर दोरीला धरणारी पहिली टीप बाहेरून दिसते. कोपरेही आत ओढले जातात.

उत्तर : पायपिंगमध्ये एकाच जागी तीन टिपा पडतात. त्या तिन्ही दोरीला सारख्याच खेटून घातल्या की हमखास एखादी बाहेर डोकावते. पहिली, म्हणजे पट्टीत दोरी भरण्याची टीप, ही कच्चीच समजा. टाका ३.५ ते ४ मिमी आणि दोरीपासून पुरते १-१.५ मिमी लांब. दुसरी टीप पायपिंग कुशनच्या एका तुकड्याला जोडते. ती पहिलीच्या आत, दोरीच्या थोडी जवळ, टाका ३. तिसरी दोन्ही तुकडे जोडते. ती दोरीला जितकी खेटेल तितकी खेटवा, टाका २.५. तिसऱ्या वेळी दुसरी टीप दिसते ती बाजू वर ठेवा, म्हणजे तिच्या दोराभर आतून सुई नेता येते. खेटवण्यासाठी फूट दोरीच्या विरुद्ध, मायेच्या बाजूला असावा आणि सुई दोरीकडे. थर बरेच होतात, म्हणून ९०/१४ ची सुई लावा. जाड पडद्याचं किंवा सोफ्याचं कापड असेल तर १००/१६.

दोरी भरताना पट्टीवर आडव्या, तिरक्या चुण्या येतात, त्याचं कारण मखमलीसारखंच : वरचा पदर सरकतो. दोन्ही कडा जुळवून धरा, पट्टी ओढू नका, मधून मधून फूट उचला.

कोपऱ्यात पायपिंगच्या मायेला तीन काप द्या, एक बरोबर कोपऱ्यावर आणि ६ मिमी अंतरावर दोन्हीकडे एकेक. काप टिपेपासून १-२ मिमी अलीकडे थांबवा. कोपऱ्याच्या आधी-नंतर २ सेंमी टाका २ मिमी करा. कोपऱ्यात सुई रुतवून वळा, पण एकदम काटकोनात नको. दोन-तीन टाके तिरके घेऊन मग पुढची बाजू धरा. टोकदार कोपऱ्याचा हट्ट सोडलेला बरा. दोरी तशी मोडत नाही, आणि किंचित गोल कोपराच उलटल्यावर चौकोनी दिसतो.

कोपरे आत ओढले जातात कारण वळणावर पायपिंग ताणून लावली. अभ्रा सुलटा केला की दोरी बाहेरच्या, मोठ्या घेरात जाते, तेव्हा तिला तिथे थोडी जास्त लांबी लागते. म्हणून बाहेरच्या वळणावर पायपिंग सैल सोडा. गळ्याला उलटं आहे : तिथे दोरी आतल्या लहान घेरात जाते, म्हणून किंचित ताणून लावायची, नाहीतर गळा उभा राहतो.

प्रश्न : पायपिंगची दोन टोकं कुठे आणि कशी जोडायची? त्याच बाजूला चेन असेल तर?

उत्तर : सांधा कोपऱ्यात कधीच नको. एखाद्या बाजूच्या मध्यावर घ्या, पण ज्या बाजूला चेन आहे ती सोडून. सुरुवातीला पायपिंगचं ५ सेंमी टोक न शिवता मोकळं ठेवा. फेरी पूर्ण करून आलात की दुसरं टोक त्यावर ३ सेंमी चढेल इतकं ठेवून कापा. या टोकाची कच्ची टीप उसवून पट्टी उघडा आणि फक्त आतली दोरी अशी कापा की दोन दोऱ्यांची टोकं एकमेकींना नुसती भिडतील, एकमेकींवर चढणार नाहीत. ती टोकं हाताने दोन-चार टाक्यांनी जोडा. पट्टीची कड १ सेंमी आत दुमडा, पहिल्या टोकावर गुंडाळा आणि उरलेली टीप पुरी करा.

चेनसाठी पायपिंग लावलेला तुकडा आधी घ्या. ४० सेंमीच्या कुशनला ३०-३५ सेंमी चेन पुरते. चेन उघडून सुलट बाजू खाली करून पायपिंगवर अशी ठेवा की दात दोरीला टेकतील, आणि पायपिंगच्या टिपेवरूनच चेनची पट्टी शिवा. मागच्या तुकड्याची माया आत दुमडून इस्त्री करा. चेन बंद करून ती घडी दोरीला भिडवा आणि घडीपासून १ सेंमीवर सुलट बाजूने टीप घाला. चेन दोरीआड जाते. दोन्ही टोकांना आडवी टीप मारून उरलेल्या तीन बाजू शिवताना चेन अर्धी उघडी ठेवायला विसरू नका. बंद राहिली तर अभ्रा उलटवायला वाटच उरत नाही.